माझे हात, माझ्या पेशी

"तुझे हात कुठे कुठे लागलेले असतात, आम्हाला काय माहीत."

मॅडम हे शांतपणे बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उलटून ओरडता येतं. मॅडम कधी ओरडत नाहीत. त्या माझ्या पीएच.डी.च्या गाइड, पुण्याच्या. शुद्ध बोलतात, मधूनमधून 'प्लीज' म्हणतात, आणि बोलता बोलता माणसाची साल काढतात.

दसऱ्याच्या सुट्टीनंतरची पहिली मीटिंग होती. सगळी लॅब टेबलाभोवती बसलेली. कुणीतरी घरून बर्फी आणली होती, ती फिरत होती. टेबलाच्या मधोमध प्लास्टिकच्या चपट्या बाटल्या मांडल्या होत्या. या बाटल्यांत आम्ही कल्चर रूममध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवतो. एरवी आतलं लाल पाणी काचेसारखं नितळ असतं. त्या दिवशी प्रत्येक बाटलीत पांढरा कापूस तरंगत होता. बुरशी. लॅबमधल्या सगळ्यांच्या पेशी गेल्या होत्या. माझ्याही.

"सुट्टीच्या आधी कल्चर रूममध्ये शेवटी तूच होतीस ना?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"मग?"

मी म्हटलं, मी नेहमीसारखंच काम केलं. हातमोजे होते, स्पिरिट मारलं होतं. त्यावर त्यांनी ते हातांचं वाक्य टाकलं. कुणी हसलं नाही.  एका मुलीनं माझ्यापुढची बर्फीची ताटली उचलून पुढे दिली. मी घेतली नव्हती अजून.

"असं करू या," मॅडम म्हणाल्या. "आजपासून तू कल्चर रूममध्ये जाऊ नकोस. तुझ्या पेशी ओंकार सांभाळेल. तू प्लॅन सांग, तो करेल. आणि इन्क्युबेटर उद्या साफ करून टाक, प्लीज. तुझ्यामुळे झालंय, तूच केलेलं बरं."

ओंकार माझ्याहून वर्षभर सीनियर. तो वहीत काहीतरी लिहीत होता. त्यानं मान वर केली नाही.

मी हो म्हटलं.

हे मला आजही गिळवत नाही. मी "हो मॅडम" म्हटलं.

*

मी कामशेतची. अब्बांचं बाजारपेठेत मटणाचं दुकान आहे. बोकडाचं. हे 'बोकडाचं' मला प्रत्येक ठिकाणी सांगावं लागतं. कुणी विचारायच्या आत सांगायची सवय लागली आहे, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यातला तो प्रश्न बघायला नको. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात. अब्बांना उर्दू वाचता येत नाही. तरी संस्थेत आले त्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, "अरे वा, तुझं मराठी किती छान आहे!" कौतुक होतं ते. मी थँक यू म्हटलं होतं. तुमचंही छान आहे, असं म्हणायला हवं होतं.

संस्था तळेगावच्या बाहेर. मी लोकलनं घोरावाडीला उतरते आणि चालत जाते. झाडं, हिरवळ, गेटवर सलाम ठोकणारा वॉचमन. मला पहिल्यांदा आत जाताना वाटलं होतं, इथे माणसं डोक्यानं मोजतात. इथे नाव, आडनाव, दुकान काही लागणार नाही.

लोक मला विचारतात, कॅन्सरकडे कशी वळलीस? घरात कुणाला झाला होता का? नाही. कुणाला नाही. अल्लाच्या मेहेरबानीनं सगळे ठणठणीत आहेत. मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. आमच्यासारख्यांना नुसतं कुतूहल असू शकतं, हे त्यांना पटत नाही. आम्ही काही शिकायला आलो तर त्यामागे दुःख पाहिजे. दाखल्यासारखं जोडायला. मॅडमचा मुलगा परदेशात ताऱ्यांचा अभ्यास करतो. त्याला कुणी विचारत नाही, घरात कुणी तारा होऊन गेला का म्हणून.

मला समजून घ्यायचं होतं. बस.

मी काय करते ते साध्या शब्दांत सांगते. बाजारपेठेत सगळ्यांना साध्याच शब्दांत सांगावं लागतं, त्यामुळे सराव आहे. शरीरातली पेशी बाहेरचा निरोप आत नेते. वाढ. थांब. दोन हो. मर. हे निरोप प्रथिनं पोचवतात. एक प्रथिन दुसऱ्याच्या अंगावर फॉस्फेटचा बारीक ठिपका चिकटवतं. ठिपका लागला की दुसरं जागं होतं आणि तिसऱ्याला ठिपका लावतं. लावणारी प्रथिनं वेगळी, पुसणारी वेगळी. काम झालं की पुसणारी येतात आणि निरोप थांबतो. कॅन्सरच्या पेशीत बऱ्याचदा हे पुसणं हरतं. ठिपका लागलेलाच राहतो. दारावरच्या बेलवर बोट ठेवून ते काढायलाच विसरलेल्या पाहुण्यासारखं. बाहेरून कुणी वाढ म्हणत नसतं, तरी आत वाढ, वाढ, वाढ चालूच.

स्तनाच्या कॅन्सरवर एक औषध आहे, ते हा ठिपका लागू देत नाही. पण काही पेशी औषधाला जुमानत नाहीत. त्यांच्यात ठिपका परत येतो. तो परत कोण लावतं, हे मी शोधते आहे. त्यासाठी न जुमानणाऱ्या पेशी हव्यात. त्या विकत मिळत नाहीत, घडवाव्या लागतात. औषध अगदी थोडं घालायचं. बहुतेक पेशी मरतात. उरतात त्यांना जरा वाढवायचं, मग औषध थोडं जास्त. पुन्हा मरतात. पुन्हा उरतात. वर्षाहून जास्त काळ मी हे केलं. ईदला केलं, बहिणीच्या लग्नाच्या सकाळी केलं. मेंदी काढू दिली नाही म्हणून बहीण अजून टोमणे मारते. मेंदीच्या हातांनी मी त्या खोलीत जाणार नव्हते, हातमोज्यांच्या आतसुद्धा.

आणि मला म्हणाल्या, तुझे हात.

निकाल एका पांढऱ्या पातळ पडद्यावर काळी पट्टी होऊन दिसतो. पट्टी गडद, म्हणजे ठिपका आहे. पट्टी नाही, म्हणजे ठिपका नाही. यात हाताला किंमत असते. पेशी बर्फावर फोडायच्या, पटकन. रेंगाळलात तर पुसणारी प्रथिनं तेवढ्यात ठिपके पुसून टाकतात. पट्टी दिसत नाही, आणि तुम्ही खूश होऊन लिहिता की औषधानं काम केलं. ओंकारच्या हातून हेच व्हायचं. तो बर्फाचा डबा भरायचा आणि फोनवर बोलत बसायचा. मॅडमना ते माहीत होतं. "तुझ्या पट्ट्या काय स्वच्छ येतात गं," असं त्या मला अनेकदा म्हणाल्या होत्या. तेव्हा माझे हात कुठे लागलेले असतात हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

आता माझ्या पेशी ओंकारच्या हाती जाणार होत्या. बाटल्यांतल्या मेल्या होत्या, पण काही मी आधीच गोठवून ठेवल्या होत्या. नायट्रोजनच्या टाकीत, इवल्याशा नळ्यांत. माझं सगळं काम तेवढ्या नळ्यांत होतं. तो त्या वितळवणार, वाढवणार, रेंगाळत फोडणार, आणि पट्टी नाही असं सांगणार. औषध लागू पडतं म्हणून छापून येणार. खोटं. त्यावर त्याचं नाव पहिलं. माझं कुठेतरी मागे, किंवा शेवटी आभारांत.

*

त्या संध्याकाळी घोरावाडीच्या फलाटावर बसून मी माझ्या हातांचा वास घेतला.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. बोटं नाकाशी नेली. स्पिरिटचा वास आला. त्याखाली आणखी काही आहे का, म्हणून पुन्हा घेतला. दुकानाचा? मी दुकानात बसत नाही. शाळेत असल्यापासून अब्बांनी बसू दिलं नाही. तरी मी वास घेत होते. घरी जाऊन मोरीत बसले आणि हात घासले. भांड्यांच्या साबणानं. नखांखाली रक्त आलं.

आणि मला कळलं की हे आजचं नाही. संस्थेत आल्यापासून मी इतरांपेक्षा जास्त वेळा हात धुते. इतरांआधी येऊन ओटा पुसते. फ्रीजमध्ये डबा ठेवत नाही, बॅगेतच ठेवते, दुधी असला तरी. मला कुणी रोज उठून सांगत नव्हतं. बाहेरून कुणी काही म्हणत नव्हतं, तरी आत हुकूम चालू होता. मी पेशींत शोधत होते तेच माझ्यात चाललं होतं.

अम्मीनं हात पाहिले. विचारलं. मी सांगितलं.

अब्बा दारात बसून सुरीला धार लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माफी मागून टाक."

"कशाची, अब्बा?"

"कशाची का आसंना. काय जातंय आपलं? शबूद तर हाय. पोरी, आपल्याला तितं रहायचंय. दुकान बंद ठेवा म्हणत्यात, आमी ठिवतो. हे सणाला, ते सणाला. कुनी आलं, म्हनलं, पडदा लावा, मटन दिसतंय. आमी पडदा लावला. भांडत बसलो आसतो तर तुला शिकिवलं आसतं का?"

ते चिडून बोलत नव्हते. हिशेब सांगावा तसं सांगत होते. मला त्यांचा राग आला. मग वाटलं, या माणसानं आयुष्यभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि त्याच जोरावर मला इथवर आणलं, आता राग कुठल्या तोंडानं धरू? पण आला. लय आला.

अम्मी भाकरी थापत होती. तिनं मागे न बघता विचारलं, "ती बुरशी तू केलीस का?"

"न्हाई."

"मग माफी कशाची?"

"अगं, तिला कळतंय का काय..." अब्बा म्हणाले.

"मला कळत न्हाई त्येच बरंय," अम्मी म्हणाली. "तुमी पडदा लावला, आमी काय बोललो न्हाई. हिला न्हाई लावायला लागनार. पोरीला पडद्यात ठिवायचं आसतं तर शाळंत कशाला घातली?"

 अब्बांनी सुरी पुसून फडक्यात गुंडाळली. मी जेवले नाही.

*

दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर साफ करायला गेले.

खोलीत जायला बंदी, पण साफ करायला मुभा. झाडू मारायला देवळात शिरता येतं, दर्शनाला नाही, तसलाच हा प्रकार. मी बादली घेतली, स्पिरिट घेतलं, फडकी घेतली.

इन्क्युबेटर म्हणजे कपाटाएवढी ऊबदार पेटी. आत सदतीस अंश, अंगात असते तेवढी ऊब. बाहेर लोखंडी दार, आत काचेचं दार, मग फळ्या. अगदी खाली एक पाण्याची थाळी असते, आतली हवा ओलसर राहावी म्हणून. आतला पंखा ती हवा सगळ्या फळ्यांवर फिरवतो.

मी फळ्या काढल्या, पुसल्या, बाहेर ठेवल्या. मग गुडघ्यावर बसून थाळी ओढली.

थाळीत झेंडू होता.

पाकळ्या. काळपट, कुजलेल्या, दुधावर साय धरावी तशी बुरशी धरलेल्या. तळाशी तांदूळ, फुगून पांढरेफट्ट. अक्षता. काचेच्या दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, पुसायचं राहून गेलेलं कुंकवाचं बोट.

मी तशीच जमिनीवर बसले.

खंडेनवमीला आमच्या लॅबमध्ये यंत्रांची पूजा होते. दर वर्षी. मी त्याला कधी नाक मुरडलं नाही. आमच्या पेठेत लोहाराच्या दुकानात, रिक्षांवर, पिठाच्या गिरणीवर झेंडूच्या माळा बघतच मी मोठी झाले. हत्यारांना हळदकुंकू लागलं की त्या दिवशी ती चालवायची नाहीत, त्यांना विसावा द्यायचा, ही रीत मलाही ठाऊक आहे. यंदा मॅडम मला आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "उद्या तू नाही आलीस तरी चालेल. आमचं आपलं घरगुतीच असतं." म्हणून मी आदल्या दिवशीच पेशींना खाद्य घातलं आणि घरी राहिले. घरगुती. मी त्या घरातली नव्हते.

आणि मीटिंगमध्ये सगळ्यांचा तर्क काय, तर खंडेनवमीला कुणी यंत्राला हात लावत नाही. त्या दिवशी यंत्रं विसाव्याला असतात. म्हणजे शेवटचा हात आदल्या दिवशीचा. म्हणजे माझा. त्यांच्या हिशेबात पूजा म्हणजे हात लावणं नव्हतंच. देवाचं काम, त्यात कसली बुरशी? दार उघडलं, काच उघडली, कुंकू लावलं, फुलं आणि अक्षता आत उधळल्या, नमस्कार केला, दार लावलं आणि सुट्टीवर गेले. आत ऊब, ओल, कुजणारी फुलं आणि फिरणारा पंखा. बुरशीला आणखी काय पाहिजे होतं? पानसुपारी?

शास्त्र शिकलेली माणसं. मला शिकवणारी माणसं. आम्ही बाटलीचं झाकण काढून समोर श्वाससुद्धा जपून घेतो, आणि यांनी आत झेंडू टाकला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरानंच निकाल दिला होता.

आणखी एक सांगते. त्या पेटीतली प्रत्येक पेशी, माझी, ओंकारची, मॅडमची, एका सीरमवर जगते. गाभण गाय कापली की तिच्या पोटातल्या वासराचं रक्त काढतात, त्यापासून ते सीरम बनतं. लॅबमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. बाटलीवर लिहिलेलं असतं. माझ्या डब्यापासून खुर्ची लांब ओढणारा ओंकार सकाळी देवाला हात जोडून येतो आणि ते सीरम आपल्या हातानं पेशींना पाजतो. मी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. गंमत म्हणूनही नाही. कारण तेच वाक्य त्याच्या तोंडून विज्ञान असतं. माझ्या तोंडून गावभर वेगळी बातमी झाली असती, आणि ती संस्थेच्या गेटवर थांबली नसती, कामशेतच्या बाजारपेठेत आमच्या दुकानापर्यंत गेली असती. हे मला कुणी शिकवलं नाही. हे आम्हाला दुधासोबत पाजलं जातं.

मी थाळी उचलली. पाणी सांडू न देता.

*

मॅडमच्या केबिनमध्ये ओंकार होता. पुढच्या महिन्यात बाहेरची समिती आमचं काम बघायला येणार होती, त्याच्या स्लाइडा चालल्या होत्या. संगणकाच्या पडद्यावर माझी पट्टी होती. गडद, स्वच्छ, कडा नीट. खाली नाव अजून घातलेलं नव्हतं.

मी थाळी टेबलावर ठेवली. वास सुटला.

मॅडमनी आत बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. हे मला सगळ्यात आधी दिसलं. मान जरा मागे गेली, ती वासानं. आश्चर्य नव्हतं.

"ही इन्क्युबेटरमधली पाण्याची थाळी," मी म्हटलं. "बुरशी इथून आलीय."

ओंकार स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"ओंकार, आतून पूजा कुणी केली?"

 मॅडम बोलल्या. "हे बघ, हा श्रद्धेचा विषय आहे. तू यात पडू नकोस. तुझ्यासाठीच सांगतेय. उद्या ही गोष्ट बाहेर गेली, तर तू काय बोललीस याचा लोक काय अर्थ काढतील, तूच विचार कर."

तुझ्यासाठीच सांगतेय. केवढी माया.

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू.  अब्बांचा पडदा आठवला. पण त्याच वेळी आत काहीतरी थांबलंही. इतकी वर्षं चालू असलेलं ते धू, पूस, लपव. एकदम थांबलं. कारण आता मला दिसत होतं की माझे हात स्वच्छ आहेत की नाहीत, हा प्रश्न इथे कधी नव्हताच. मी कोपरापर्यंत हात सोलून घेतले असते तरी उत्तर तेच येणार होतं.

"मी श्रद्धेबद्दल काही बोलले नाही," मी म्हटलं. "मी थाळीबद्दल बोलतेय. काल तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात माझ्या हातांमुळे झालं. आज सगळ्यांसमोर सांगा की नाही झालं."

"ठीक आहे. झालं ते झालं. इश्यू करायला नको." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तुला काम करायचंय ना? कर. स्टोअरशेजारी तो जुना इन्क्युबेटर आहे बघ. तो तू घे. तुझा स्वतंत्र. तुला वेगळी पिपेट, वेगळ्या बाटल्या देऊ. म्हणजे कुणाला काही म्हणायला जागा नाही. चालेल?"

स्वतंत्र. काय शब्द काढला होता. आमच्या मावळात कुणाकुणाला चहा कुठल्या कानतुटक्या कपात मिळायचा आणि तो कप कुठे पालथा घातलेला असायचा, हे मला माहीत आहे. त्यालाही लोक 'तुझा कप' म्हणायचे. स्वतंत्रच होता तो.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मी जुना इन्क्युबेटर वापरणार नाही. वेगळी पिपेट घेणार नाही. सगळे जिथे काम करतात तिथेच करीन. आणि माझ्या नळ्या ओंकार वितळवणार नाही."

"मॅडम, ही जास्तच बोलतेय," ओंकार म्हणाला. तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच.

"तू कुणाशी बोलतेयस ते कळतंय ना तुला?" मॅडमचा आवाज पहिल्यांदा चढला. "थीसिसवर सही माझी लागते."

"माहीत आहे," मी म्हटलं. "त्या पट्टीला हात माझे लागतात."

आणि पडद्याकडे बोट केलं. साबणानं सोललेलं, नखाशी रक्त सुकलेलं बोट.

"समितीपुढे ही पट्टी दाखवायची असेल तर तिच्याखाली माझं नाव येईल आणि ती मी उभी राहून दाखवीन. मला त्या खोलीत जाता येणार नसेल, तर ही स्लाइड काढा. ओंकारला करून दाखवू दे. त्याच्या हातून येते का बघू."

 मॅडम म्हणाल्या, "ही घाण आधी इथून उचल."

"ती माझी नाही," मी म्हटलं. थाळी तिथेच ठेवून मी बाहेर आले.

*

माफी कुणी मागितली नाही. सगळ्यांसमोर कुणी काही सांगितलं नाही. थाळी कुणी उचलली, मला माहीत नाही. त्याच दुपारी मी कल्चर रूममध्ये गेले, टाकीतून माझी एक नळी काढली, वितळवली, नव्या बाटलीत सोडली आणि साफ केलेल्या इन्क्युबेटरच्या मधल्या फळीवर ठेवली. सगळ्यांच्या बाटल्या असतात तिथे. बाटलीवर माझं नाव घातलं. आधी मी फक्त आद्याक्षरं टाकायचे. आता पूर्ण नाव टाकते, वडलांच्या नावासकट, काळ्या मार्करनं, लांबून वाचता येईल असं.

पेशी जगल्या. ठिपका परत आला. पट्टी पहिल्यापेक्षा गडद आहे.

बाकी काही चांगलं झालेलं नाही. समितीच्या यादीत माझं बोलणं आहे की नाही, मला अजून सांगितलेलं नाही. मॅडम माझ्याशी आता इंग्रजीत बोलतात आणि फक्त ईमेलवर. शिफारसपत्र मिळणार नाही हे मी धरून चालले आहे. ओंकार माझ्या पाठीमागे म्हणत असतो, कानामागून आली आणि तिखट झाली. व्हय, झाले. एक मुलगी जिन्यात एकटी भेटली तेव्हा म्हणाली, "तू बरोबर केलंस." मी तिला म्हटलं, हे मीटिंगमध्ये म्हण. ती तेव्हापासून दुसऱ्या जिन्यानं जाते.

अब्बा अजून म्हणतात, कशाला वाढवलंस. रात्री दाराला दोनदा कडी बघतात. त्यांच्या भीतीला मी हसणार नाही. ती खरी आहे, आणि ती आता माझ्यामुळे वाढली आहे. एवढं असूनही मी मागे फिरणार नाही.

मला लॅबमधल्या कुणाच्या मनात जागा नको आहे. चांगल्या मराठीचं कौतुक नको. मोठं मन दाखवून कुणी मला आत घ्यावं, असं तर मुळीच नको. मी परीक्षा देऊन आत आले आहे. सही अडवायची असेल तर अडवा. दुसरा गाइड शोधीन, नाही मिळाला तर वर जाईन, तिथेही नाही झालं तर जे झालं ते नावानिशी बोलीन. कुणाला माझ्या हातचं चालत नसेल, तर माझ्या हातची पट्टीही चालता कामा नये. दोन्ही एकदम मिळणार नाही. मधलं काही मी मान्य करणार नाही.

उद्या पेशींना खाद्य घालायचा दिवस आहे. मी खोलीत जाणार.